पेटलेल्या उडव्या आणि समुद्राकाठचा बांध

समुद्रकिनाऱ्यावरच्या एका जपानी गावाची गोष्ट आहे. गावाच्या वर, टेकडीवर, एक म्हातारा श्रीमंत शेतकरी राहत असे. सुगीचे दिवस होते, खाली गावात सणाची तयारी चालली होती. संध्याकाळी जमीन हलकेच हलली. भूकंपांना सरावलेल्या गावकऱ्यांनी तिकडे लक्षही दिले नाही. म्हाताऱ्याने मात्र समुद्राकडे पाहिले, तर पाणी किनारा सोडून मागे मागे चालले होते आणि एरवी कधी न दिसणारा तळ उघडा पडला होता. खाली जाऊन सांगायला वेळ नव्हता. त्याने पलिता पेटवला आणि वर्षभराच्या कष्टाचे रचून ठेवलेले भात, उडवीमागून उडवी, जाळून टाकले. आग पाहून सारा गाव ती विझवायला टेकडीवर धावला. सगळे वर पोचले आणि समुद्र भिंतीसारखा आला. गाव गेले, चारशे माणसे वाचली.

ही गोष्ट जगाला सांगितली लाफकाडियो हर्न या लेखकाने, १८९७ मध्ये. आयरिश बाप, ग्रीक आई आणि शेवटी जपानमध्येच घर केलेला हा गृहस्थ. पुढे वाकायामा भागातल्या एका शिक्षकाने ती मुलांसाठी सोपी करून लिहिली आणि १९३७ ते १९४७ अशी दहा वर्षे ती जपानच्या प्राथमिक शाळांत वाचली गेली. त्या वयात ती वाचलेली माणसे म्हातारपणीही ती विसरली नाहीत म्हणतात.

गोष्ट उत्तम आहे. फक्त तिच्यातला माणूस खरा होता, आणि त्याची खरी हकीकत या गोष्टीपेक्षा लांबलचक, खर्चिक आणि माझ्या मते मोठी आहे. तो म्हातारा नव्हता, चौतीस वर्षांचा होता. शेतकरी नव्हता, व्यापारी होता. टेकडीवर नव्हे, खाली गावातच राहत होता. आणि त्या रात्री तो स्वतः लाटेत सापडला होता.

हामागुची गोऱ्योचा जन्म १८२० चा, किई प्रांतातल्या हिरो गावातला. हा भाग आज वाकायामा म्हणून ओळखला जातो. घराणे सोया सॉस करणाऱ्यांचे. सोयाबीन, गहू आणि मीठ महिनोन् महिने आंबवून केलेला हा काळसर रस म्हणजे जपानी स्वयंपाकघरातली रोजची गरज. आपल्याकडे गोडा मसाला तसा. धंदा मात्र गावात नव्हता. तो होता पूर्व किनाऱ्यावरच्या चोशी बंदरात, एडोच्या म्हणजे आजच्या टोकियोच्या पलीकडे. १६४५ पासून चाललेली ही पेढी 'यामासा' या नावाने आजही चालू आहे. गोऱ्यो जन्माने धाकट्या पातीतला. लहानपणीच त्याला थोरल्या घरात दत्तक दिले गेले आणि तो चोशीला गेला. पुढे तो घराण्याचा सातवा प्रमुख झाला. काही महिने चोशीला आणि काही महिने हिरोला, असे त्याचे दोन किनाऱ्यांवरचे आयुष्य सुरू झाले.

व्यापारी असला तरी गल्ल्यावर बसून समाधान मानणारा हा माणूस नव्हता. त्या काळी जपानने जगाला दारे बंद केली होती. गोऱ्योला परदेश पाहायचा होता. परवानगी मिळणे शक्य नव्हते. मग त्याने पाश्चात्त्य विद्या जाणणाऱ्यांशी मैत्री केली. पुढे जपानच्या आरमाराचा पाया घालणारा कात्सु काइश्यू तेव्हा गरीब होता. त्याला गोऱ्योने पैशांची मदत केली आणि ती मैत्री जन्मभर टिकली. १८५२ मध्ये गोऱ्योने दोघा सहकाऱ्यांबरोबर गावातल्या पोरांसाठी शाळा काढली. पुढच्याच वर्षी अमेरिकेची काळी जहाजे एडोच्या आखातात येऊन उभी राहिली आणि जपानची झोप उडाली. गोऱ्यो मात्र आधीपासूनच जागा होता.

हिरो गावाची जागाच मुळात धोक्याची. नरसाळ्यासारख्या आत निमुळत्या होत जाणाऱ्या खाडीच्या टोकाला सखल जमिनीवर वसलेले गाव. अशा ठिकाणी बाहेरून येणारे पाणी दोन्ही बाजूंनी आवळले जाते आणि त्याची उंची वाढत जाते. दक्षिणेला समुद्राच्या तळाशी पृथ्वीच्या कवचाचे दोन तुकडे एकमेकांखाली सरकत असतात. ते अडकतात, ताण साठतो, आणि साधारण शंभर-दीडशे वर्षांनी तो एकदम सुटतो. समुद्राचा तळच उचलला जातो आणि त्यावरचा पाण्याचा सगळा स्तंभ हलतो. वाऱ्याची लाट वरच्यावर असते. ही लाट तळापासून पृष्ठभागापर्यंत असते. खोल समुद्रात ती ताशी सात-आठशे किलोमीटर वेगाने, विमानासारखी जाते, पण तिथे तिची उंची इतकी कमी की वरच्या मचव्याला काही कळतही नाही. उथळ पाण्यात आली की वेग घटतो आणि पाणी पाण्यावर चढू लागते. 'त्सुनामी' शब्दाचा अर्थच बंदरातली लाट. कोळी दिवसभर शांत समुद्रावर मासे मारत आणि परत येऊन पाहत तर बंदर नाहीसे झालेले, त्यातून आलेला हा शब्द. १७०७ मध्ये याच लाटेने हिरो उद्ध्वस्त केले होते. गावाला तो प्रसंग माहीत होता, पण दीडशे वर्षांपूर्वीचा.

२३ डिसेंबर १८५४. सकाळी मोठा भूकंप झाला. गोऱ्यो तेव्हा गावात होता. तो किनाऱ्यावर गेला, तर समुद्राची चढ-उतार नेहमीची वाटेना. त्याने म्हातारी माणसे, बायका, मुले यांना गावामागच्या उंचवट्यावरच्या हाचिमान देवस्थानात पाठवले आणि तरुणांना राखणीला ठेवले. रात्र थंडीत गेली. काही घडले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्र शांत दिसला, लोक घरी परतले, चुली पेटल्या. येणार येणार म्हटलेले संकट आले नाही की माणूस किती पटकन निर्धास्त होतो, हे आपण सगळेच जाणतो. दुपारी दोघे गावकरी धावत आले. विहिरींचे पाणी एकाएकी खाली गेले होते. गोऱ्योच्या मनात पुन्हा पाल चुकचुकली.

चारच्या सुमारास दुसरा धक्का बसला आणि त्यापुढे आदल्या दिवसाचा काहीच नव्हता. कौले उडाली, भिंती पडल्या, धुळीने आकाश झाकले. मग नैऋत्येकडून तोफांसारखे आवाज येऊ लागले. गोऱ्यो लोकांना देवळाकडे पिटाळत होता, तोच पाणी आले. त्याने बाजूला पाहिले, तर नदीच्या पात्रातून लाट केव्हाच पुढे निघून गेली होती आणि घरे वाहून चालली होती. समुद्राची लाट नदीतून सर्वांत आधी आत शिरते, म्हणून अशा वेळी नदीकाठाने पळू नये, असे आज शिकवतात. गोऱ्योने ते डोळ्यांनी पाहिले. तोही पाण्यात ओढला गेला, बुडत-तरंगत कसाबसा एका उंचवट्याला लागला.

देवळाच्या आवारात जमलेल्यांत कोणी आईला हाका मारत होते, कोणी पोराला. अंधार पडत चालला होता. गोऱ्योने दहा-बारा धडधाकट माणसे निवडली, हातात पलिते दिले आणि जिवंत माणसे शोधायला खाली उतरला. पण वाटेवर तुळया, दारे, मोडके सामान यांचा असा खच पडला होता की पुढे जाता येईना. खाली पाण्यात कोणी असेलच, तर त्याला वर येण्याची दिशा कशी कळणार? डिसेंबर होता, भाताची कापणी कधीच झालेली होती. शेतांत पेंढ्याच्या उडव्या उभ्या होत्या. गोऱ्योने त्या पेटवायला सांगितल्या. दहा-बारा उडव्या भडकल्या.

गोष्टीतली आग ती हीच. ती लोकांना बोलावण्यासाठी फसवून लावलेली नव्हती, अंधारात चुकलेल्यांना वाट दाखवण्यासाठी लावलेली होती. त्या उजेडाच्या रोखाने नऊ माणसे वर आली. ते सगळे देवळाकडे मागे फिरले आणि त्यानंतर जी लाट आली ती त्या दिवसातली सर्वांत मोठी. तिने जळत्या उडव्याही वाहून नेल्या. पहिली लाट ओसरली म्हणजे संपले, असे समजून घरातली पेटी किंवा देव आणायला खाली गेलेली माणसे प्रत्येक त्सुनामीत मरतात. लाटा तासन् तास येत राहतात आणि पहिलीच मोठी असेल असा काही नियम नाही. समुद्र आधी मागे जाईलच, असाही नाही. पुष्कळदा तो काहीच न सांगता सरळ चढून येतो.

हर्नने हे बदलले म्हणून त्याला दोष देववत नाही. कादंबऱ्या लिहिणाऱ्याने तर देऊच नये. त्याच्या गोष्टीत भूकंप हलका आहे, हिरोचा भयंकर होता. पण हर्नने लिहिले त्याच्या आदल्याच वर्षी, जून १८९६ मध्ये, जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर असाच सौम्य, लांबलेला हादरा बसला होता. कोणी जागचे हलले नाही आणि अर्ध्या-पाऊण तासात आलेल्या लाटांनी सुमारे बावीस हजार माणसे नेली. ती बातमी ताजी असतानाच हर्नने लेखणी उचलली होती. म्हणजे चूक होती, पण उपयोगाची चूक होती: किनाऱ्यावर जमीन बराच वेळ हलत राहिली, मग ती हलकी का असेना, तर उठून उंचावर जायचे, एवढे मुलांच्या मनात राहिले.

हिरोमध्ये त्या रात्री साधारण तेराशे वस्तीपैकी तीसेक माणसे गेली. तीनशेहून अधिक घरांपैकी सव्वाशे घरे वाहून गेली आणि धड असे एकही उरले नाही. गोष्ट इथे संपते. गोऱ्योचे काम इथे सुरू झाले.

त्याच रात्री त्याने शेजारच्या देवळातला तांदूळ मागून भाताचे गोळे करून वाटले. मग शेजारगावच्या पाटलाकडे गेला आणि सरकारी साऱ्यासाठी ठेवलेला तांदूळ स्वतःच्या जबाबदारीवर उसना मागितला. साऱ्याच्या तांदळाला हात लावणे म्हणजे त्या काळी मान धोक्यात घालणे. पुढच्या महिन्यांत त्याने पन्नास घरे बांधून दिली, कोळ्यांना होड्या आणि जाळी, शेतकऱ्यांना अवजारे दिली. तरीही लोक गाव सोडू लागले. ज्यांचे सगळे गेले आणि जे पुन्हा जाणार हे ठाऊक आहे, त्यांनी तिथे का राहावे?

गोऱ्योने काढलेले उत्तर वाचून माझ्यातला जुना बँकवाला खुर्चीत ताठ बसला. त्याने समुद्राकाठी प्रचंड बांध घालायचे ठरवले आणि गावकऱ्यांनाच कामावर घेतले. मजुरी रोजच्या रोज द्यायची. दान नाही, कर्ज नाही. काम आणि त्याचा दाम. घाम गाळून मिळालेल्या पैशाने लोक गावात टिकतील आणि त्याच घामाने नातवंडांसाठी भिंत उभी राहील, असा दुहेरी हिशेब. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी पाझर तलावांच्या आणि रस्त्यांच्या कामांवर खडी फोडली, त्यांना या हिशेबातला मर्म वेगळा सांगायला नको.

काम फेब्रुवारी १८५५ मध्ये सुरू झाले. शेतीचा हंगाम आला की थांबवायचे, संपला की पुन्हा लागायचे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एडोला मोठा भूकंप झाला, तिथल्या व्यापाराला धक्का बसला आणि पैशांची ओढाताण झाली. काम तरी रेटले. डिसेंबर १८५८ मध्ये, जवळजवळ चार वर्षांनी, ते पुरे झाले. लांबी सुमारे सहाशे मीटर, उंची पाच मीटर, पायथ्याची रुंदी वीस मीटर. एकंदर ५६,७३६ मजूर-दिवस लागले. हा आकडा हजेरीच्या वहीतून आलेला आहे हे उघड आहे, आणि मला तो साऱ्या कहाणीत सर्वांत हृद्य वाटतो. खर्च आजच्या मापाने साडेतीनशे किलो चांदीएवढा. म्हणजे एका माणसाच्या एका दिवसामागे सहा ग्रॅम. हे सगळे सोया सॉस विकून आलेले. बांधाच्या समुद्राकडच्या अंगाला काळ्या पाईनची झाडे लावली: लाटेचा जोर मोडायला आणि परतणाऱ्या पाण्याबरोबर वाहून जाणारी माणसे-सामान अडवायला. आतल्या अंगाला मेण देणारी झाडे लावली, कारण व्यापारी माणूस उतारही रिकामा ठेवत नाही.

गावकऱ्यांनी त्याचे देऊळ बांधायचे ठरवले. हर्नच्या गोष्टीत ते बांधलेही गेले आहे. जिवंतपणी देव झालेला माणूस हाच त्याला भावलेला भाग. खऱ्या गोऱ्योने ते होऊ दिले नाही. देव व्हायचे नव्हतेच, आणि ही बातमी वर गेली तर आपल्या कामात अडथळे येतील हेही त्याला कळत होते.

बाकीचे आयुष्य त्याने असेच चौफेर वाटले. १८५८ मध्ये कॉलऱ्याची साथ आली तेव्हा चोशीच्या एका तरुण डॉक्टरला उपचार शिकायला एडोला पाठवले, पुढे नागासाकीला शिकायलाही मदत केली. त्याच सुमारास एडोतले देवी टोचण्याचे केंद्र आगीत जळाले. ते पुन्हा उभे करायला गोऱ्योने मोठी रक्कम दिली. त्या केंद्रातून पुढे टोकियो विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय झाले. राजवट बदलल्यावर १८७१ मध्ये नव्या सरकारने त्याला टपाल खात्याचा प्रमुख केले. तिथे तो फार थोडे दिवस राहिला. नंतर वाकायामाच्या पहिल्या प्रांतिक सभेचा तो पहिला अध्यक्ष झाला.

परदेश पाहायची तरुणपणची इच्छा मात्र राहूनच गेली होती. १८८४ मध्ये, चौसष्टाव्या वर्षी, तो निघाला. एप्रिल १८८५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आजारपणात तिथेच वारला. देह जहाजाने परत आणून हिरोमध्ये पुरला. कात्सु काइश्यूने त्याच्या स्मारकाचा लेख लिहिला. तो शिलालेख हाचिमान देवस्थानात आहे.

१९०३ मध्ये गोऱ्योचा एक मुलगा लंडनमध्ये व्याख्यान द्यायला उभा होता. व्याख्यानानंतर श्रोत्यांतल्या एका बाईंनी विचारले, हर्नच्या गोष्टीतल्या हामागुचीशी तुमचे काही नाते आहे का? मुलाला उत्तर देता येईना. गळा दाटून आला. शेवटी दुसऱ्या कोणी तरी सांगितले की हा त्यांचाच मुलगा.

बांधाची परीक्षा झाली ती २१ डिसेंबर १९४६ च्या पहाटे. त्याच दक्षिणेकडच्या दरीतून भूकंप आला आणि अर्ध्या तासाच्या आत चार-पाच मीटरची लाट. गोऱ्योला जाऊन साठ वर्षे उलटली होती. बांधाने गावाचा बहुतेक भाग राखला. पण दरम्यान वस्ती वाढून बांधाच्या टोकांपलीकडे सखलात गेली होती. जीव गेले ते प्रामुख्याने तिथे. भिंत आहे म्हणून भिंतीच्या बाहेरही निर्धास्त राहायचे, हा मनुष्यस्वभाव जुनाच. ईशान्येकडच्या तारो गावाने तर दहा मीटर उंचीची भिंत बांधली होती आणि जगभरचे लोक ती पाहायला येत. ११ मार्च २०११ ला लाट ती ओलांडून आली. भिंत म्हणजे पळायला मिळणारी उसंत. पळणे सोडायची परवानगी नव्हे.

भिंत नसतानाही माणसे वाचल्याचे उदाहरण इंडोनेशियात आहे. सुमात्राजवळच्या सिम्यूलु बेटावर १९०७ च्या लाटेची आठवण आज्यांनी नातवंडांना अंगाईसारखी सांगितली होती: जमीन जोरात हलली, समुद्र ओसरला की डोंगरावर पळा. २६ डिसेंबर २००४ ला हे बेट भूकंपाच्या अगदी जवळ होते. पाऊण लाखाहून अधिक वस्तीत लाटेने सातच माणसे नेली. त्याच दिवशी हिंदी महासागराच्या काठावर सव्वादोन लाखांवर माणसे गेली. आपल्या तामिळनाडूत आणि अंदमान-निकोबारमध्ये हजारोंनी गेली.

आपला पश्चिम किनाराही यातून पूर्णपणे सुटलेला नाही, हे मुंबईकरांना सहसा ठाऊक नसते. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे मकरानच्या, म्हणजे बलुचिस्तानच्या किनाऱ्याजवळ मोठा भूकंप झाला आणि सकाळी मुंबईत सुमारे दोन मीटरची लाट आली. पंधराच्या आसपास माणसे वाहून गेली. इथे जमीन हललेली कोणाला जाणवलीच नव्हती; लाट दुरून आली होती. अशा दूरच्या लाटेची वर्दी द्यायला २००७ पासून हैदराबादला सूचना केंद्र चालू आहे. जवळच्या भूकंपात मात्र भोंग्याची वाट पाहायची नसते. पायाखालची जमीन हाच भोंगा. मोटार काढत बसायचे नाही, चालत-पळत उंचावर जायचे. डोंगर जवळ नसेल तर पक्क्या इमारतीचा वरचा मजला गाठायचा आणि कोणी सुरक्षित आहे असे सांगेपर्यंत खाली उतरायचे नाही.

संयुक्त राष्ट्रांनी ५ नोव्हेंबर हा जागतिक त्सुनामी जागृती दिन ठरवला, तो २०१५ च्या डिसेंबरात. तारीख गोऱ्योच्या उडव्यांची आहे. जुन्या जपानी पंचांगात तो अकराव्या महिन्याचा पाचवा दिवस होता.

हिरोमध्ये मात्र यासाठी कोणी ठराव करावा लागला नव्हता. गोऱ्योचा मुलगा लंडनला गहिवरला त्याच वर्षी, १९०३ मध्ये, गावाने त्सुनामीचे पन्नासावे वर्ष पाळायचे ठरवले. पावसापाण्याने बांधाची माती झिजते, म्हणून त्या दिवशी सगळ्यांनी थोडी थोडी माती वाहून त्यावर घालायची. नोव्हेंबरातला हा रिवाज अजून चालू आहे. शाळेची मुले माती घेऊन बांधावर चढतात. ऑक्टोबरात आणखी एक कार्यक्रम असतो. अंधार पडल्यावर गावकरी पलिते घेऊन निघतात, शेतात पेंढ्याच्या उडव्या पेटवतात आणि दोनेक किलोमीटर चालत हाचिमान देवस्थानापर्यंत जातात. वाट तीच आहे.